पावसाचे साल कशाने बिघडते?

मृग कोरडा गेला की आमच्या वालूरच्या पारावर जाणती मंडळी म्हणतात, "यंदाचं साल काही खरं नाही." साल बिघडते म्हणजे नेमके काय बिघडते, हा प्रश्न भूगोलाचा विद्यार्थी म्हणून मला नेहमी पडतो.

एका वर्षीचे पावसाळी वारे दुसऱ्या वर्षीसारखे नसतात, याची कारणे दोन जातींची आहेत. पहिले समुद्राचे. पॅसिफिकचा विषुववृत्ताजवळचा मध्य व पूर्व भाग तापला, म्हणजे 'एल निनो' आला, की आपल्याकडचा पाऊस बहुधा दबतो. 1972 च्या दुष्काळी साली तो होताच. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो. म्हणून त्याची चाहूल महिनोन्‌महिने आधी लागते. दुसरे कारण हवेचे स्वतःचे. झड, उघडीप, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र, हे सारे समुद्र तसाच राहिला तरी दर वर्षी निराळे घडते. 1997 चा एल निनो अतिशय जोरदार, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या 102 टक्के झाला. 2002 चा मध्यम, तर पाऊस 81 टक्के! (1997 ला हिंदी महासागराने हात दिला, असेही मानतात.)

हे दोन धागे सोडवायचे कसे? घडलेला पावसाळा पुन्हा पाडून बघता येत नाही. संगणकात मात्र येतो. समुद्राचे तापमान तेच ठेवून, आरंभीची हवा किंचित बदलून, तोच ऋतू अनेकदा चालवतात. सर्व वेळी जे समान निघते ते समुद्राचे, जे दर वेळी बदलते ते हवेचे. दुसरी युक्ती मला अधिक आवडते. एकाच ऋतूतल्या महिन्यामहिन्यांच्या चढउतारावरून नुसत्या लहरीने ऋतूची सरासरी किती हलेल, ते काढायचे. वर्षावर्षांतला फरक त्याहून जास्त भरला, तर तो जादा भाग सावकाश कारणांचा.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक राहिलेले बी. एन. गोस्वामी यांच्या अभ्यासात आपल्या मान्सूनमधला हवेचा वाटा समुद्राच्या तोडीचा दिसतो. वालूरला हे महागात पडते. सोयाबीन उगवून आल्यावर तीन आठवडे उघडीप पडली, की दुबार पेरणी आणि पुन्हा उसनवारी. मग देशाची सरासरी पुरी भरली तरी काय उपयोग? हवामान खात्याचा एप्रिलमधला अंदाज मुख्यतः पहिल्या धाग्यावर बेतलेला असतो. उघडिपीसाठी पाहावा तो दर गुरुवारी निघणारा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज, आणि त्यातलेही पहिले दोन आठवडेच अधिक भरवशाचे.