जुनी भाषा, उद्याचा पाऊस

बारामती म्हटलं की कालवा आणि ऊस आठवतो. पण लोणी भापकर, मोरगाव, सुपे हा त्याच तालुक्यातला जिरायती पट्टा. इथली पेरणी पावसाच्या भरवशावर. पाऊस कधी येणार, याचा हिशेब मांडणारा महासंगणक पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत आहे. २०१८ साली तिथे ‘प्रत्युष’ आला, २०२४ साली ‘अर्क’. यंत्रं बदलली, पण त्यांवर चालणारी हवामानाची प्रतिमानं मुख्यतः फोर्ट्रान भाषेतच आहेत. ही भाषा जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये तयार केली, १९५७ साली!

फोर्ट्रान म्हणजे ‘सूत्रांचं भाषांतर’. प्रतिमानात वातावरणाचे लहान लहान कप्पे कल्पून प्रत्येकातलं तापमान, दाब, बाष्प, वारा पुन्हापुन्हा काढतात. २०२५ सालच्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये हे कप्पे सुमारे ६ किलोमीटरचे आहेत. आकड्यांच्या अशा प्रचंड तक्त्यांवर एकच सूत्र झपाट्याने चालवणं, हे या भाषेचं खास काम.

मग हे सगळं नव्या भाषेत उतरवून का घेत नाहीत? वर्गात एक गंमत करून पाहू. समजा, आपल्या संगणकाला तीनच सार्थ अंक ठेवता येतात. १००० मध्ये ४ मिळवले, तर १००४ चे पुन्हा १०००च होतात. आणखी ४ मिळवले, तरी १०००च. आता आधी ४ आणि ४ मिळवू. त्या ८ मध्ये १००० मिळवले की १००८, म्हणजे १०१०. आकडे तेच, फक्त क्रम बदलला! खरा संगणक पुष्कळ जास्त अंक ठेवतो, पण कुठेतरी तोडतोच. भाषा किंवा कंपायलर बदलला की बेरजांचा क्रमही बदलू शकतो.

आणि हवामानात बारीक फरक वाढत जातो. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ घातले आणि संगणकावरचं हवामान काही काळाने पार वेगळं निघालं. त्यामुळे नव्याने लिहिलेला प्रोग्रॅम कितीतरी जुन्या पावसाळ्यांवर पडताळून पाहावा लागतो. लिहिण्यापेक्षा हेच काम मोठं.

तरी काहींनी ते केलं. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने आपल्या प्रतिमानाचा गाभा सी प्लस प्लसमध्ये लिहून घेतला, ग्राफिक्सच्या वेगवान चिपांवर चालावा म्हणून. आम्हाला हे कारण पटतं. ‘भाषा जुनी झाली’ एवढंच कारण पटलं नसतं. शिवाय फोर्ट्रान तरी १९५७ची कुठे राहिली आहे? तिचं ताजं प्रमाण २०२३ सालचं आहे.