संगीतसेवकाची बांधणी

एका खोलीत संगणक, दुसऱ्या खोलीत लहानसे वादनयंत्र आणि या दोहोंमध्ये केवळ जाळ्याची जोडणी, अशी व्यवस्था अमेरिकेतील स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने या शतकाच्या आरंभी बाजारात आणली. यंत्राजवळ स्वतःचे असे एकही गाणे नसते. साठा संगणकावर, सूचीही तेथेच. यंत्राने मागावे आणि सर्व्हरने पुरवावे. २००६ मध्ये लॉजिटेक कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स यंत्रांची मालिका थांबविली आणि २०२४ मध्ये त्यांना आधार देणारे आपले संकेतस्थळही बंद केले. यंत्रे मात्र अजून लोकांच्या घरी आहेत. ती बोलती राहावयाची तर सर्व्हर चालू राहिला पाहिजे. त्याची पर्ल भाषेतील संहिता सुदैवाने खुली असल्यामुळे तो आता 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने नांदत आहे.

परंतु संहिता खुली असणे निराळे आणि ती सामान्य माणसाच्या लिनक्स संगणकावर बिनबोभाट चालणे निराळे. मधला पूल म्हणजे पॅकेज. डेबियन प्रणालीचे पॅकेज हे एक गाठोडे असते. त्यात एकीकडे प्रत्यक्ष फायली, तर दुसरीकडे नाव, आवृत्ती व कोणकोणत्या पॅकेजांवाचून याचे अडते हे सांगणारा कागद आणि मांडणीच्या आधी व नंतर पाळावयाच्या आज्ञा असतात. सरकारी दप्तरात मालासोबत चलन जाते, तसाच हा प्रकार. आणि चलन चुकले तर काय होते, हे सांगावयास नको!

कोणती वस्तू कोठे ठेवावयाची, हा पहिला प्रश्न. कार्यक्रम 'यूएसआर'मध्ये, मांडणीची कागदपत्रे 'ईटीसी'मध्ये आणि रोज बदलणारी गाण्यांची सूची 'व्हार'मध्ये जाते. हा केवळ टापटिपीचा सोस नव्हे. नवी आवृत्ती येते तेव्हा कार्यक्रम बदलला जातो. सूची जागीच राहते. हजारो गाण्यांची सूची नव्याने करावयाची म्हणजे संगणकास पुष्कळ वेळ राबावे लागते. सर्व्हरसाठी स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ताही पॅकेजच निर्माण करते, कारण जाळ्यावर उघड्या असलेल्या कार्यक्रमाच्या हाती साऱ्या संगणकाच्या किल्ल्या देणे शहाणपणाचे नाही.

खरी कसोटी पुढे आहे. हा सर्व्हर पर्लचे अनेक विभाग स्वतःसोबत घेऊन येतो. त्यांतील काही यंत्रभाषेत उतरविलेले असतात आणि ते पर्लच्या विवक्षित आवृत्तीशीच जुळतात. डेबियनच्या २०२१ च्या आवृत्तीत पर्ल ५.३२ होती, २०२३ च्या आवृत्तीत ५.३६ आली. पॅकेजात नव्या आवृत्तीसाठी घडविलेले विभाग नसले, तर प्रणाली बदलताच सर्व्हर सुरूच होत नाही आणि फळीवरील यंत्र मुके बसते. घरच्या माणसाला वाटते, यंत्रच बिघडले.

डेबियनचा दंडक असा की, अशी उसनी गाठोडी आत बांधू नयेत. प्रत्येक विभाग स्वतंत्र पॅकेज असावा, म्हणजे त्यात सुरक्षेचा दोष निघाल्यास तो एकाच ठिकाणी दुरुस्त होईल. तत्त्व निर्विवाद आहे. पण सर्व्हरच्या कर्त्यांनी काही साधनांत आपल्या गरजेनुसार फेरफार केले आहेत. त्यांऐवजी प्रणालीतील साधने घातली, तर काही ध्वनिप्रवाह नीट वाजतीलच असे नाही. म्हणून कर्त्यांच्या स्वतःच्या पॅकेजात निरनिराळ्या पर्ल आवृत्त्यांसाठी वेगवेगळे विभाग शेजारीशेजारी ठेवलेले आढळतात. गाठोडे जड होते खरे. जुन्या यंत्रांच्या बाबतीत मात्र हाच मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

म्हणून जाणता बांधणारा केवळ नव्या प्रणालीवर पॅकेज मांडून थांबत नाही. तो आधी जुन्या प्रणालीवर जुने पॅकेज घालतो, थोड्या गाण्यांची सूची करवितो, मग प्रणाली व पॅकेज दोन्ही बदलतो. सूची शाबूत आहे ना, हे पाहतो आणि शेवटी यंत्राची कळ दाबून, ते आपण होऊन सर्व्हरला हुडकून काढते की नाही, याची वाट पाहत बसतो.