बारदान वजा जाता

सियागंजच्या घाऊक पेठेतून दिवसाउजेडी ज्याने एकदा फेरफटका मारला असेल, त्याला इंदूरच्या व्यापाराचे एक मर्म न सांगता उमगते. रेल्वे स्थानकापासून जवळच असलेल्या या बाजारात जिरे, हळद, खोबरे, सुका मेवा यांची पोती हातगाड्यांवरून येतात आणि हातगाड्यांवरून जातात. पोते काट्यावर चढते, आकडा दिसतो. परंतु तो आकडा कोणी अखेरचा मानीत नाही. त्यातून बारदानाचे वजन वजा होते आणि जे निव्वळ उरते, त्याचेच पैसे मोजले जातात. हा हिशेब तेथील पोरसवदा नोकरालाही पाठ असतो.

माझे एक स्नेही याच सियागंजातील एका पेढीवर अनेक वर्षे हिशेब लिहीत आले आहेत. बारदान वजा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. तथापि चिरंजीवांच्या संगणकासाठी एक पेटी विकत घेताना मात्र त्यांनी बारदानासकट सारे पैसे मोजले, आणि ती चूक त्यांना फार महाग पडली. आजचे हे भाषण त्या चुकीविषयी आहे.

चिरंजीव महाविद्यालयात शिकतात. शिकवण्या करून दोन वर्षे जमविलेल्या पैशांतून त्यांनी खेळांसाठी उपयोगी पडेल असा संगणक जुळवायचे ठरविले. प्रोसेसर, स्मृतिपट्ट्या, ग्राफिक्स कार्ड यांची निवड त्यांनी चार ठिकाणी चौकशी करून केली. शेवटी राहिली ती वीजपुरवठ्याची पेटी. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. वडील म्हणाले, "अरे, ही तर नुसती विजेची पेटी. हिच्यात काय एवढे पाहायचे? ४५० वॉट लिहिले आहे ना, मग झाले!" मुलाने मान डोलावली आणि सर्वांत स्वस्त पेटी घरी आली.

पत्रलेखन, अभ्यास, चित्रपट यांत संगणकाची काहीच तक्रार नव्हती. परंतु खेळ सुरू होऊन प्रसंग रंगात आला, की पडदा एकाएकी काळा पडे. प्रथम दोष ग्राफिक्स कार्डावर गेला, नंतर खेळावर, मग घरात येणाऱ्या विजेवर. एका संध्याकाळी जळका वास आला आणि सारेच शांत झाले. पेटी गेली; परंतु जाताना ती मदरबोर्डालाही सोबत घेऊन गेली.

ही पेटी नेमके करते काय, ते प्रथम पाहू. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टांची आणि प्रत्यावर्ती असते. म्हणजे तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तने या गतीने उलटसुलट होत असते. संगणकाला हवी असते ती एकाच दिशेने वाहणारी, शांत आणि अल्प दाबाची वीज: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. पेटी घरातील वीज प्रथम एकदिश करते. तेव्हा तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो. नंतर तीच वीज ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका लहानशा रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, काढते आणि खाली उतरलेला दाब पुन्हा एकदिश करून गाळून देते. मोठ्या घागरीने पन्नास खेपा कराव्यात किंवा लहान तांब्याने हजारो कराव्यात, पाणी तेवढेच भरते. पण भांडे लहान चालते. एवढीशी पेटी एवढे काम करू शकते, ती या युक्तीमुळे.

या पेटीवरील भार गेल्या काही दशकांत किती वाढला, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. १९८१ साली आय. बी. एम. कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याची पेटी ६३.५ वॉटांची होती. २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०९० हे एकटे ग्राफिक्स कार्ड ५७५ वॉटांचे आहे. म्हणजे त्या जुन्या संगणकांपैकी नऊ संगणकांना जितकी वीज लागली असती, तितकी आज एक कार्ड गिळते.

भार नुसता वाढला नाही, तर त्याची जागाही बदलली. जुन्या संगणकांतील बहुतेक भाग ५ व्होल्टांवर चालत. २००० सालाच्या सुमारास प्रोसेसरांची भूक इतकी वाढली, की त्यांना १२ व्होल्टांची वीज देऊन ती मदरबोर्डावरच एक-सव्वा व्होल्टापर्यंत उतरविण्याची रीत पडली. ग्राफिक्स कार्डेही त्याच वाटेने गेली. आज प्रोसेसर आणि कार्ड हे दोन्ही मोठे खादाड १२ व्होल्टांच्या पंगतीला बसतात; ५ आणि ३.३ व्होल्टांच्या पंगतीत फारसे कोणी उरलेले नाही.

आता माझ्या स्नेह्यांच्या पेटीवरील चिठ्ठी वाचू. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, एवढे गणित पुरे. ३.३ व्होल्टांवर २० अँपिअर, म्हणजे ६६ वॉट. ५ व्होल्टांवर २५ अँपिअर, म्हणजे १२५ वॉट. १२ व्होल्टांवर २० अँपिअर, म्हणजे २४० वॉट. किरकोळ बाबींचे आणखी सोळा-सतरा. सर्वांची बेरीज जेमतेम ४५० च्या जवळ जाते, आणि पेटीवर ठळक छापला होता तो हाच आकडा. परंतु संगणकाला ज्याची खरी गरज, ते १२ व्होल्टांचे निव्वळ वजन २४० वॉटच होते. बाकीचे सारे बारदान!

आणि गरज किती होती? त्या मुलाचे कार्ड आरटीएक्स ४०७० या जातीचे, म्हणजे २०० वॉटांचे. प्रोसेसर ६५ वॉटांच्या वर्गातला, पण भर कामात ८८ वॉटांपर्यंत जाणारा. मदरबोर्ड, स्मृतिपट्ट्या, साठवणीची चकती, पंखे यांचे मिळून पन्नास-साठ. एकूण ३५० वॉट, आणि त्यातील बहुतेक १२ व्होल्टांवर. २४० ची ताकद असलेल्या हम्मालाच्या पाठीवर ३५० चे पोते चढविले, तर तो पहिल्या वळणावर बसणारच. मालाला दोष देऊन उपयोग काय?

यात आणखी एक मेख आहे. ग्राफिक्स कार्ड आपला भार एकसारखा घेत नाही. खेळातील दृश्य अचानक बदलले, की सेकंदाच्या अगदी अल्पशा भागापुरते ते आपल्या नेहमीच्या मापापेक्षा कितीतरी अधिक वीज ओढते. साधा मापक हा उसळा दाखवीत नाही, पण पेटीला तो सोसावाच लागतो. म्हणून २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने नव्या जातीच्या मोठ्या पेट्यांना अशी अट घातली, की मापाच्या दुप्पट भार सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागापुरता त्यांनी न डगमगता पेलावा. आज नवी पेटी घेणाराने या मानकाची किंवा त्यानंतरच्या मानकाची घेतलेली बरी.

मग माप किती घ्यावे? सर्व भागांची बेरीज करावी आणि तिच्या दीडपटीहून थोडे अधिक धरावे. ३५० ची गरज असेल, तर ५५० ते ६५० ची पेटी योग्य. आरटीएक्स ४०७० च्या निर्मात्यांनीही ६५० चीच शिफारस केलेली आहे. चिठ्ठीवर १२ व्होल्टांपुढचे अँपिअर पाहावेत. चांगल्या ५५० वॉटांच्या पेटीत तेथे ४५ च्या आसपास आकडा असतो. म्हणजे ५४० वॉट. पोते आणि माल यांत जवळजवळ फरकच नाही. प्रामाणिक पेटीची हीच पहिली खूण.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठी पेटी घेतली म्हणजे विजेचे बिल वाढते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ६५० वॉटांची पेटी सतत ६५० वॉट खात नाही. संगणक मागेल तेवढीच वीज ती देते. बिल ठरते ते तिच्या काटकसरीवर. या काटकसरीसाठी २००४ सालापासून एटी प्लस नावाची श्रेणी रूढ आहे. ११५ व्होल्टांवरील चाचणीत अर्ध्या भाराला कांस्य श्रेणीची पेटी ८५ टक्के आणि सुवर्ण श्रेणीची ९० टक्के कार्यक्षम असावी लागते. समजा, ३५० वॉटांचा भार रोज ४ तास आहे. ८० टक्के कार्यक्षमतेची पेटी त्यासाठी भिंतीतून ४३७ वॉट घेईल, ९० टक्क्यांची ३८९ वॉट. वर्षाकाठी फरक सुमारे ७१ युनिटांचा. तो आपल्या दराने गुणून पाहावा. मात्र एक ध्यानात ठेवावे, की ही श्रेणी काटकसरीचे प्रमाणपत्र आहे, सुरक्षिततेचे नव्हे.

सुरक्षिततेसाठी वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. दाब वाढला, प्रवाह वाढला, आतली उष्णता वाढली किंवा तारा एकमेकींना चिकटल्या, तर पेटीने स्वतःला बंद करून घेतले पाहिजे. या चारही संरक्षणांचा स्पष्ट उल्लेख माहितीपत्रकात असावा. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहावा. हमीची मुदत विचारावी. चांगल्या पेट्यांना पाच, सात, क्वचित दहा वर्षांची हमी असते. निर्माता स्वतःच्या मालावर किती विश्वास ठेवतो, हे त्यावरून कळते.

माळव्याचा उन्हाळा हाही विचारात घ्यावा लागतो. काही पेट्यांचे माप ४० अंश सेल्सियसला दिलेले असते, काहींचे ५० ला. मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद कपाटात ठेवलेल्या संगणकाच्या पोटात काय होत असेल, याची कल्पना करावी. पेटीतील धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, उष्णतेने वाळतात. दर दहा अंशांच्या वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून ५० अंशांच्या मापाची आणि १०५ अंशांच्या धारित्रांची पेटी निवडावी आणि तिच्या पंख्यापुढची धूळ महिन्या-दोन महिन्यांनी झाडावी.

वीज गेली तर काय, हा प्रश्न पावसाळ्यात येतोच. चांगली पेटी वीज खंडित झाल्यावरही सेकंदाच्या हजारांशांच्या हिशेबात सोळा-सतरा भाग तग धरते. तेवढ्यात यूपीएसने भार उचलला तर संगणकाला पत्ताही लागत नाही. परंतु यूपीएस घेताना पुन्हा तोच बारदानाचा प्रश्न उभा राहतो. त्यावर व्होल्ट-अँपिअरचा मोठा आकडा छापलेला असतो आणि वॉटांचा आकडा बारीक. ६०० व्होल्ट-अँपिअरचे यूपीएस अनेकदा ३६० वॉटच देते. आपल्याला हवे ते वॉट.

अर्थिंगचे मात्र कोणी विचारीत नाही. संगणकाच्या लोखंडी पेटाऱ्याला हात लावताच झिणझिण्या येतात, असे पुष्कळजण सांगतात आणि हसण्यावारी नेतात. वीजपुरवठ्याच्या पेटीत गोंगाट गाळणारी लहान धारित्रे असतात. अर्थिंगची तार तुटलेली असली, तर त्यांतून झिरपणारा अल्प प्रवाह पेटाऱ्यावर येऊन बसतो. तो प्रवाह सहसा घातक नसतो. परंतु उद्या आत खराच बिघाड झाला तर वाचविणारी तार जागेवर नाही, याची ती सूचना असते. जुन्या वाड्यांत आणि गाळ्यांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. पेटी आणण्यापूर्वी जाणत्या तारतंत्र्याकडून तेवढे तपासून घ्यावे.

दोन निषेध सांगतो. एका पेटीच्या सुट्या केबली दुसऱ्या पेटीला लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी पेटीच्या बाजूची तारांची मांडणी सारखी असेलच असे नाही, आणि चुकीच्या तारेने सारा संगणक क्षणात जातो. दुसरे असे, की बंद पडलेली पेटी घरी उघडू नये. वायर काढल्यावरही आतील मोठ्या धारित्रात ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ दबा धरून बसलेला असू शकतो.

माझ्या स्नेह्यांनी पुढे नवी पेटी आणली. या वेळी ते स्वतः मुलाबरोबर गेले. दुकानदार पुठ्ठ्यावरील ठळक आकडा दाखवीत होता, यांनी चष्मा पुसून बाजूची चिठ्ठी वाचली, १२ व्होल्टांपुढचे अँपिअर पाहिले, मनाशी गुणाकार केला आणि म्हणाले, "हे निव्वळ. आता भाव सांगा." मुलाचे कार्ड सुदैवाने वाचले होते, मदरबोर्ड मात्र पुन्हा घ्यावा लागला, आणि त्यासाठी त्याला आणखी काही महिने शिकवण्या कराव्या लागल्या.

श्रोतेहो, ज्ञान आपल्याजवळ पुष्कळदा असतेच. पेढीवर बसलो म्हणजे ते आठवते आणि नव्या यंत्रापुढे उभे राहिलो म्हणजे आपण ते घरी विसरतो. यंत्र नवे असले तरी तराजू जुनाच आहे. छापलेल्या आकड्यातून बारदान वजा करावे, उरेल त्याची आपल्या गरजेशी गाठ घालावी, आणि मगच पैसे मोजावेत.