परवान्याविना प्रार्थना

प्रार्थना करायला कुणाचा परवाना लागतो का? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! देवासमोर बसावे, डोळे मिटावे, झाले. पण आपल्या नागपूरच्याच बिशपांनी एका तरुण इंग्रज धर्मगुरूला असा परवाना नाकारला होता, आणि त्यावरून पुढे बरेच रामायण घडले. ही गोष्ट १९३२ सालची. त्या धर्मगुरूचे नाव व्हेरिअर एल्विन.

एल्विन म्हटले की आपल्याला आठवतात ते आदिवासींचे अभ्यासक, ईशान्य सीमाभागासाठीचे सरकारी सल्लागार, १९६१ साली पद्मभूषण मिळालेले लेखक. ते भारतात आले मात्र मिशनरी म्हणून, आणि तेही प्रार्थनेच्या ओढीने. वडील बिशप होते. ऑक्सफर्डला इंग्रजी आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळाला होता. इंग्लंडमध्ये चांगली बढती ठरलेली होती. ती सोडून १९२७ साली, पंचविसाव्या वर्षी, हा तरुण पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाला.

हा संघ स्थापन केला जॅक विन्स्लो यांनी. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे इंग्रजीत चरित्र लिहिणारे ते हेच विन्स्लो. ख्रिस्ती भक्तीला इथल्या मातीचा वास यावा ही टिळकांची तळमळ. संघातही खादी, साधे जेवण, जमिनीवर बसणे आणि नेमाची उपासना असा क्रम होता. एल्विन तिथे रमले. १९३० साली त्यांनी 'ख्रिश्चन ध्यान' नावाचे छोटे इंग्रजी पुस्तक लिहिले. चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज साधकाच्या ग्रंथावर ते बेतलेले आहे. तो साधक सांगतो, देव बुद्धीला सापडत नाही, प्रेमाला सापडतो. म्हणून एक लहानसा शब्द धरा आणि त्याच्या आधाराने मन देवाकडे लावून ठेवा. आपल्याकडच्या नामस्मरणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही! इंग्लंडच्या मठातली साधना आणि आपल्या वारकऱ्याचे नाम यांत फार अंतर नाही, हे एल्विन यांना पुण्यात बसून उमगले.

पण काळ शांत नव्हता. मिठाचा सत्याग्रह झाला, लाठ्या चालल्या, तुरुंग भरले. एल्विन गांधीजींच्या बाजूने उघडपणे लिहू-बोलू लागले. एका इंग्रज पाद्र्याने असे करावे हे सरकारला रुचणारे नव्हते, आणि संघातही सगळ्यांना पटत नव्हते. १९३१ साली त्यांनी संघ सोडला. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात पोलीस गांधीजींना अटक करायला आले, तेव्हा एल्विन तिथेच मुक्कामाला होते. तो सोमवार, गांधीजींचा मौनाचा दिवस. महात्माजींनी जे सांगायचे ते कागदावर लिहून दिले, भजन झाले आणि ते पोलिसांच्या गाडीत बसले.

आता जायचे कुठे? वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी गोंडांचे नाव सुचवले होते. त्यांच्यात ना काँग्रेसचे कार्यकर्ते फारसे पोचले होते, ना मिशनरी. त्याच जानेवारीच्या अखेरीस एल्विन आणि त्यांचे मराठी ख्रिस्ती मित्र शामराव हिवाळे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी पोचले. मैकल डोंगरांचा हा मुलूख, नर्मदेचा उगम असलेले अमरकंटक तिथून जवळ. मलेरिया, महारोग, उपासमार, जंगल खात्याचा जाच, सगळी दुःखे तिथे एकवटलेली. त्यात गांधींचा माणूस म्हणून सरकारचा संशय पाठीशी होताच. त्याच वर्षी एल्विन इंग्लंडला गेले तर परतीची परवानगी अडली. राजकारणात पडणार नाही असे लिहून दिल्यावरच ती मिळाली.

आणि इथेच नागपूर येते. मंडला जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता आणि अँग्लिकन चर्चच्या नागपूर धर्मप्रांतातही. सदर भागातले ऑल सेंट्स कॅथेड्रल हे या धर्मप्रांताचे मुख्य मंदिर. अँग्लिकन चर्चचा नियम असा, की धर्मगुरूची दीक्षा झाली तरी ज्या धर्मप्रांतात काम करायचे तिथल्या बिशपचा परवाना लागतो. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना कुणीही करावी. पण प्रभुभोजनाचा विधी चालवायचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस हातात घेऊन ख्रिस्ताच्या बलिदानाचे स्मरण करायचे, तर धर्मगुरू हवा आणि त्याच्याजवळ परवाना हवा. ख्रिस्ती साधकाच्या जीवनाचा हा गाभाच.

त्या वेळी नागपूरचे बिशप होते अलेक्स वुड. त्यांनी अट घातली की राजनिष्ठेची शपथ घ्या. एल्विन म्हणाले, ती मला घेता येणार नाही. परवाना मिळाला नाही.

बिशप वुड यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांनी स्वतः चांद्याला मिशनरी म्हणून वर्षे काढली होती, या भागाचे दारिद्र्य त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. राजनिष्ठेची शपथ ही त्यांच्या लेखी सर्वांनाच लागू असलेली रीत. शिवाय त्यांचा आणखी एक आक्षेप होता, आणि तो मला शपथेपेक्षा खोल वाटतो. गोंडांमध्ये जाऊन राहणार, पण त्यांना ख्रिस्ती करणार नाही, असे एल्विन सांगत होते. मग हे मिशन कसले? बिशपांच्या जागी बसून पाहिले तर प्रश्न रास्त होता. एल्विन यांचे उत्तर असे, की प्रेमाने सेवा करावी आणि तिच्या बदल्यात समोरच्याचा धर्मसुद्धा मागू नये.

गांधीजींना हे कळले तेव्हा त्यांनी एल्विन यांना धीर दिला. बिशपांचे बोलणे मनाला लावून घेऊ नका, तुमचे चर्च तुमच्या अंतःकरणातच आहे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. सांत्वन सुंदर आहे. पण प्रभुभोजनाशिवाय राहणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूची कळ एवढ्याने शमेल असे मला वाटत नाही.

करंजियाच्या आश्रमाला त्यांनी संत फ्रान्सिसचे नाव दिले होते. कुष्ठरोग्याला मिठी मारणारा, पशुपक्ष्यांना भावंडे म्हणणारा तो इटलीचा संत. इथे नेमाची प्रार्थना होई आणि मग दारात रोगी जमत. औषधे वाटणे, जखमा धुणे, मुलांची शाळा, पुढे महारोग्यांसाठी निवारा. गावकरी एल्विन यांना बडाभाई म्हणत आणि शामरावांना छोटाभाई. लोकांना जवळचे वाटत ते शामरावच जास्त. रोग्याशी गप्पा मारत, भांडणे मिटवत हा मराठी माणूस त्या मुलखाचा होऊन गेला. मोठ्या नावाच्या सावलीत त्यांचे नाव आपण विसरलो, ही खंत सांगितलीच पाहिजे. परधान जमातीवरचे त्यांचे १९४६ सालचे पुस्तक आजही अभ्यासकांना लागते.

रोज या लोकांत वावरताना एल्विन यांच्या जुन्या कल्पना गळू लागल्या. जिथे कापूस पिकत नाही तिथे सूतकताईचा आग्रह कशाला? ज्यांच्या जन्मापासून मरणापर्यंत मोहाची दारू आहे, त्यांना दारूबंदी कशी सांगायची? गांधीजींवरचे प्रेम राहिले, पण आश्रमाची शिस्त सैल झाली. चर्चबद्दलही तेच घडले. आपण देवाला आणायला आलो होतो की त्याला इथे भेटायला, हा प्रश्न त्यांना पडला असावा, असा माझा तर्क. अखेर नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडले, धर्मगुरूपणही सोडले.

त्यांना परवाना मिळाला असता तर ते चर्चमध्ये राहिले असते का? कदाचित आणखी काही वर्षे. नागपूरच्या नकाराने तो निर्णय लवकर झाला, एवढेच फार तर म्हणता येईल. श्रद्धा विझण्याची कारणे एका पत्रात मावत नाहीत. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा बौद्ध विचाराकडे होता.

चर्च सोडले त्याच १९३५ साली एल्विन आणि शामरावांचे एक पुस्तक निघाले, 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट'. करंजियाच्या परिसरात रात्री-अपरात्री ऐकलेली गोंडांची गाणी त्यांनी त्यात इंग्रजीत आणली आहेत. एल्विन १९५४ साली ईशान्येकडे गेले, आणि शामराव मात्र मंडल्यातच राहिले.