गुळवेल आणि आपली रोगप्रतिकारशक्ती

कुंपणावर, आंब्यावर किंवा कडुनिंबावर चढलेली, हृदयाच्या आकाराच्या पानांची गुळवेल आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे मूळ कापले तरी ती सहजासहजी मरत नाही. वरून धाग्यासारखी मुळे सोडते आणि पुन्हा जमीन गाठते. कापलेला तुकडा रुजतो म्हणून संस्कृतात तिला 'छिन्नरुहा' म्हणतात. 'गुडूची' आणि 'अमृता' ही तिचीच नावे. चरकसंहितेत तिची गणना मेध्य रसायनांमध्ये केलेली आहे. ताप, कावीळ, मधुमेह अशा अनेक तक्रारींवर आपले वाडवडील तिचा काढा घेत आले.

२०२० साली कोविडची साथ आली आणि परसातील ही वेल एकाएकी घराघरांत पोहोचली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या आयुष उपचारपद्धतीतही गुडूचीचा समावेश होता. काढा, रस, गोळ्या, चूर्ण अशा सर्व रूपांत लोक ती घेऊ लागले. साथ ओसरली, पण 'प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी रोज थोडी गुळवेल' ही सवय अनेक घरांत टिकून राहिली.

अलीकडेच एका भगिनीने आम्हांला विचारले, "माझ्या यजमानांचे मूत्रपिंडरोपण झाले आहे. त्यांना फार अशक्तपणा वाटतो. शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा द्यायला सांगितले आहे. झाडपाल्याचेच औषध, देऊ ना?" प्रश्न साधा वाटतो. मात्र त्याच्या उत्तरावर एका माणसाचे मूत्रपिंड अवलंबून असू शकते. म्हणून हा विषय थोडा सविस्तर समजून घेऊ या.

प्रतिकारशक्ती म्हणजे काय?

प्रतिकारशक्ती हा शब्द ऐकला की आपल्या मनात पाण्याच्या टाकीचे चित्र उभे राहते. पातळी खाली गेली की आजार, वर गेली की आरोग्य. वास्तव मात्र वेगळे आहे. आपल्या शरीरात जंतूंना गिळणाऱ्या भक्षकपेशी आहेत, जंतूंची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी आहेत, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी आहेत. त्यांच्याइतक्याच महत्त्वाच्या आणखी काही पेशी आहेत. त्यांचे काम लढण्याचे नसून लढणाऱ्यांना आवर घालण्याचे आहे. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना याच विषयावरील संशोधनासाठी देण्यात आले.

हा आवर सुटला तर शरीराचे रक्षक शरीरावरच उलटतात. सांध्यांवर उलटले तर आमवात, थायरॉइड ग्रंथीवर उलटले तर हाशिमोटोचा विकार, स्वादुपिंडातील पेशींवर उलटले तर टाइप १ मधुमेह आणि यकृतावर उलटले तर स्वयंप्रतिकारी यकृतदाह होतो. अशा रुग्णांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भलत्या दिशेने चाललेली असते. म्हणून निरोगी प्रतिकारशक्ती म्हणजे सर्वाधिक नव्हे, तर संतुलित प्रतिकारशक्ती होय.

गुळवेल काय करते?

गुळवेलीचा प्रतिकारयंत्रणेवर काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९९ साली या वेलीच्या खोडातून अरॅबिनोगॅलॅक्टन जातीची एक बहुशर्करा वेगळी केली. ती प्रतिकारयंत्रणेतील पेशींना उत्तेजित करते, असे प्रयोगशाळेत आढळून आले.

त्याहीपूर्वी मुंबईच्याच केईएम रुग्णालयात व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर दीर्घकाळ काम केले होते. वनस्पतींविषयी रसाळ मराठीत लिहिणाऱ्या लेखिका म्हणूनही डॉ. डहाणूकर वाचकांना ठाऊक आहेत. पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरील त्यांच्या गटाचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांची जंतूंशी लढण्याची क्षमता मंदावते आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचा धोका असतो. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेलीचा अर्क देण्यात आला, त्यांची स्थिती इतरांपेक्षा चांगली राहिली. अभ्यास लहान होता, पण त्याने एक महत्त्वाची दिशा दाखवली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते रुग्ण रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली होते, मात्रा मोजून दिलेली होती आणि औषध ठरावीक काळापुरतेच होते. 'रोज सकाळी पेलाभर, वर्षानुवर्षे' असा तो प्रकार नव्हता.

नाण्याची दुसरी बाजू

२०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. सर्वांनी गुळवेल घेतली होती आणि सर्वांच्या यकृताला इजा झाली होती. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांमधील अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षवेधी बाब अशी की, अनेकांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आणि यकृताच्या तपासणीत स्वयंप्रतिकारी यकृतदाहासारखे चित्र दिसले. काहींना आधीपासूनच थायरॉइड किंवा तत्सम विकार होते. अर्थात, पेशींना चेतवणारा जो गुण एका रुग्णाला उपकारक ठरला, तोच दुसऱ्याच्या शरीरात सुप्त असलेला कलह जागा करू शकतो, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. बहुतेक जण गुळवेल बंद केल्यावर व उपचारांनी सुधारले. ज्यांचे यकृत आधीच दुर्बल होते, त्यांना मात्र धोका अधिक होता आणि मृत्यूही घडले.

आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची नीट ओळख पटवली गेली नव्हती आणि तिच्यासारखीच दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही दुसरी वेल घेतली गेली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर मोठ्या संख्येने पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात आणि ती यकृताला अपाय करू शकते, हे खरेच आहे. तज्ज्ञांमधील हा वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी बोध एकच निघतो. बाटलीतील रस किंवा पुडीतील चूर्ण पाहून ते कोणत्या वेलीचे आहे हे आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही.

कोणी सावध राहावे?

पुढील व्यक्तींनी स्वतःच्या मनाने गुळवेल घेऊ नये:

– ज्यांना आमवात, ल्युपस, सोरायसिस, स्वयंप्रतिकारी थायरॉइड विकार किंवा तत्सम आजार आहे.
– ज्यांचे मूत्रपिंड, यकृत किंवा अन्य अवयवाचे रोपण झाले आहे. त्यांना टॅक्रोलिमस, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे दिली जातात, ती प्रतिकारयंत्रणेने नवा अवयव नाकारू नये म्हणून. एका हाताने आवर घालायचा आणि दुसऱ्या हाताने चेतवायचे, हे घातक ठरू शकते.
– ज्यांना यकृताचा जुना आजार आहे किंवा जे नियमित मद्यपान करतात.
– जे मधुमेहाची औषधे घेतात. गुळवेलीने साखर आणखी खाली जाऊ शकते.
– गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता.

गुळवेल घेत असताना भूक मंदावणे, मळमळ, विलक्षण थकवा, अंगाला खाज, लघवीचा गडद रंग किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास ती त्वरित थांबवावी आणि डॉक्टरांकडून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. काविळीवर उपाय म्हणून काढ्याचे प्रमाण वाढवणे ही तर मोठीच चूक ठरेल.

डॉक्टरांपुढे आपण गोळ्यांची यादी सांगतो, पण काढ्याचा उल्लेख करीत नाही. 'ते काय औषध आहे?' असे आपल्याला वाटते. डॉक्टर रागावतील अशी भीतीही असते. हा संकोच सोडायला हवा. घरात काय उकळले जाते हे डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर त्यांचे निदान अंधारात राहते. आयुर्वेदाचा उपचार हवा असेल तर अवश्य घ्यावा, पण तो शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्याकडून. प्रकृती, मात्रा आणि काळ पाहिल्याशिवाय औषध देऊ नये, ही तर आयुर्वेदाचीच शिकवण आहे.

त्या भगिनीने काढा देण्याआधी विचारले, हे फार बरे झाले. आम्ही तिला यजमानांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी काढा देण्यास स्पष्ट मनाई केली आणि अशक्तपणाचे कारण शोधण्यासाठी रक्त तपासले. हिमोग्लोबिन कमी होते, त्यावर आता उपचार सुरू आहेत. प्रेमाने दिलेला पेलाही विचारूनच द्यावा. शेजारच्या काकूंचा हेतू निःसंशय चांगला होता, परंतु आजाऱ्याची सेवा करताना चांगल्या हेतूला माहितीची जोड हवी.