सब्र आणि सोबत

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या कितीतरी घरांतली झोप उडाली. सुमारे १ लाख ७० हजार भारतीय विमानाने परतले. बुडालेल्या पगाराची चर्चा झाली. मनात बसलेल्या भीतीची कुणी विचारपूस केली?

त्याच वर्षी गाझात मनोविकारतज्ज्ञ डॉ. इयाद सर्राज यांनी सामुदायिक मानसिक आरोग्याचे काम उभारले. युद्धात मनाचा प्रथमोपचार साधा असतो : पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या.

आपण मात्र ‘सब्र कर’ म्हणून मोकळे होतो. सब्र हवाच, पण सब्र म्हणजे दुखणे लपवणे नव्हे. तरावीहनंतर अशा गप्प शेजाऱ्याजवळ थोडे बसा. गरज वाटली तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावून द्या.