नकार हेही एक कर्तव्य



आपल्या जिल्ह्यातील जुने मामा तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस पाळ, तुडुम आणि सलंग हे तीन शब्द ठाऊक असतीलच. पाळ पाणी अडविते. तुडुमातून ते बेताने शेतास मिळते. अधिक झालेले सलंगावरून निघून जाते. सलंग नसेल, तर मोठ्या पावसात पाळ फुटावयाची. आणि मागेल त्यास मागेल तितके पाणी दिले, तर धान निसवण्याच्या वेळी तलाव कोरडा पडावयाचा. म्हणून पाणकर एखाद्यास ‘आज नाही’ असे सांगतो. त्यात द्वेष नसतो. ते त्याचे कर्तव्यच असते.

मनुष्याची शक्ती अशीच मोजकी आहे. तथापि आपण ख्रिस्ती माणसे ‘नाही’ म्हणणे हे पाप समजतो. शास्त्र काय सांगते ते पाहू. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे. तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने त्यास बजाविले की, अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील (निर्गम 18). अतिभाराने केवळ वाहणाराच नव्हे, तर वाट पाहणाराही शिणतो, हे येथे ध्यानात घ्यावे. कफर्णहूमात सर्व लोक शोधीत असताही प्रभू पहाटे एकांतात प्रार्थना करून दुसऱ्या गावांकडे निघाला (मार्क 1). प्रेषितांनी अन्नवाटपाचे काम सात जणांस सोपविले, ते हलके म्हणून नव्हे, तर ते नीट व्हावे म्हणून (कृत्ये 6).

कविवर्य नारायण वामन टिळक यांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हे कार्य आरंभिले. एका हाकेस ‘होय’ म्हणावयाचे, तर दुसरीस ‘नाही’ म्हणणे त्यांस प्राप्तच होते. 1919 साली ते निवर्तले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. सर्व कार्य एकाच्याच हातून तडीस जावे, असा देवाचा नियम नाही.

आता माझाच एक दोष सांगतो. एके वर्षी मी पाच समित्यांस होकार दिला होता. एक विद्यार्थी बीजगणितातील शंका घेऊन तीनदा आला. तिन्ही वेळा मी ‘उद्या ये’ म्हणालो. चौथ्यांदा तो आला नाही. परीक्षेत तो त्याच विषयात नापास झाला. समित्यांना मी नकार दिला नव्हता. पण नकार गेला होता तो त्या मुलास, आणि तोही न कळत.

मग कोणासच मदत करू नये काय? तसे नव्हे. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्थेच्या धांदलीची कथा येते. तिच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याची आहे. त्याने जखमीस टाळले नाही. परंतु त्याच्याजवळ कायमचा बसलाही नाही. उतारशाळेच्या रक्षकास पैसे देऊन, पुन्हा येण्याचे वचन देऊन तो आपल्या वाटेस लागला. आळसाचा नकार आणि कर्तव्याचा नकार यांतील भेद येथेच कळतो. पहिला स्वतःच्या सुखासाठी असतो; दुसरा आधीच दिलेला शब्द पाळण्यासाठी असतो.

नकार देण्याची रीतही शिकावी. उत्तरास एक रात्र मागून घ्यावी व प्रार्थना करावी. मग स्पष्ट सांगावे. खोटी सबब सांगू नये. शक्य तर दुसरा योग्य मनुष्य सुचवावा. पालकहो, मुलास गायन, नाटक, खेळ आणि शिकवणी ही सर्व एकाच वर्षी लावण्यापूर्वी, त्याच्या झोपेस व घरच्या प्रार्थनेस किती वेळ उरतो, तो मोजून पाहावा. आणि मुलांनो, तुम्ही शिक्षकांस आदराने ‘गुरुजी, हे माझ्याने होणार नाही’ असे म्हणालात, तर निदान हा शिक्षक तरी रागावणार नाही.